रॉयल पायथनच्या पेटीतील ऊब

इंग्लंडच्या उत्तर भागात राहणाऱ्या आणि नव्याने साप पाळू लागलेल्या मराठी ओळखीच्यांकडून मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा, की पेटीत तापमान किती ठेवावे. प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या मांडणीतच एक अडचण आहे, कारण उत्तरात तो एकाच आकड्याची अपेक्षा धरतो. सापाला एकाच पेटीत, सहज सरकत जाता येईल इतक्या अंतरावर, निरनिराळी तापमाने एकाच वेळी उपलब्ध असावी लागतात आणि त्यांतले कोणते केव्हा घ्यायचे हे त्याचे त्यालाच ठरवता यावे लागते. पाळणाऱ्याने त्या तापमानांची सोय करायची आणि दोन्ही टोकांना मर्यादा घालायची. हा लेख माझ्याकडे असलेल्या रॉयल पायथनच्या, म्हणजे अमेरिकेत ज्याला बॉल पायथन म्हणतात त्या लहानखुऱ्या आफ्रिकी अजगराच्या, पेटीसंबंधी आहे. कॉर्न स्नेकसारख्या इतर पाळीव सापांना आकडे थोडे वेगळे लागतात, पण तत्त्व बदलत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. भारतात नाग, धामण, अजगर यांसारखे देशी साप घरी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि ज्या विदेशी जाती प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या यादीत येतात, ज्यांत रॉयल पायथनही आहे, त्यांची सरकारदरबारी नोंदणी करणे २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. ब्रिटनमध्ये या जातीला परवाना लागत नाही. मात्र इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू असलेल्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार प्राण्याला योग्य परिसर पुरवण्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर आहे. सापाच्या बाबतीत योग्य परिसराचा पहिला अर्थ ऊब हाच आहे.

माणूस खातो त्या अन्नाचा मोठा वाटा केवळ शरीर ३७ अंशांच्या आसपास राखण्यात खर्ची पडतो. सापाने हा खर्च वाचवलेला आहे आणि म्हणूनच एवढा मोठा प्राणी आठवड्या-दोन आठवड्यांतून एका उंदरावर निभावून नेतो. या काटकसरीची किंमत अशी, की त्याचे पचन, त्याच्या स्नायूंचे बळ आणि रोगाशी लढण्याची त्याची ताकद ही सगळी बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर अवलंबून राहते. ऊब अपुरी असेल तर गिळलेला उंदीर पचण्याऐवजी पोटातच कुजू लागतो आणि साप तो काही दिवसांनी बाहेर टाकतो. थंडी दीर्घकाळ राहिली तर श्वसनमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, जो सापांमध्ये बरा होण्यास फार वेळ लागतो. याला एक अपवाद अजगरांच्याच कुळात आहे. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेल्या मादी अजगराचे अंग भोवतालच्या हवेपेक्षा बरेच गरम असल्याची नोंद वालांसिएन या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये १८४१ मध्ये केली होती, आणि अशी मादी स्नायू आकुंचित करत राहून ही उष्णता निर्माण करते हे न्यूयॉर्कमध्ये ठेवलेल्या एका ब्रह्मी अजगराच्या मादीवर केलेल्या मोजमापांतून १९६६ मध्ये पक्के झाले. पण ही सोय अंडी उबवण्यापुरती असते. पेटीतल्या एरवीच्या सापाला तिचा उपयोग नाही.

बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असणे म्हणजे मिळेल त्या तापमानाला निमूटपणे सामोरे जाणे असे मात्र नव्हे. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन अमेरिकी अभ्यासकांनी वाळवंटातील सरपटणाऱ्या प्राण्यांवरचे आपले संशोधन १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. ऊन आणि सावली यांच्यात जा-ये करून हे प्राणी आपल्या शरीराचे तापमान आश्चर्य वाटावे इतक्या अरुंद पट्ट्यात राखतात, हे त्यातून दिसून आले. पुढे १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेझर्ट इग्वाना या सरड्यांना रोगजंतू टोचून वेगवेगळ्या तापमानांत ठेवले, तेव्हा अधिक तापमानात ठेवलेले सरडे अधिक संख्येने वाचले. मोकळीक मिळाली तर आजारी सरडे आपणहून जास्त उबेची जागा धरतात हेही त्याच सुमारास दिसून आले होते. याचा अर्थ, या प्राण्यांना तापसुद्धा जागा बदलूनच आणावा लागतो. सगळी पेटी एकाच तापमानाला ठेवली की सापाची ही वाट बंद होते, मग ते तापमान पुस्तकात दिलेले अगदी अचूक तापमान का असेना.

रॉयल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला आहे. घाना, टोगो, बेनिन या देशांतून त्याची निर्यात वर्षानुवर्षे होत आली आहे. गवताळ माळ, विरळ झाडी आणि शेतांच्या कडा हा त्याचा मुलूख असून दिवसाचा बराच वेळ तो उंदीर-घुशींच्या बिळांत किंवा वारुळांत काढतो आणि अंधार पडू लागला की बाहेर येतो. बाहेर रखरखीत ऊन असले तरी बिळातली हवा ओलसर आणि स्थिर असते. म्हणून त्याच्या पेटीत ऊब हवी, पण ती भट्टीसारखी कोरडी नको, आणि आडोसा सोडून ती मिळवायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

आता आकडे. पेटीच्या एका टोकाला छताशी ऊब देणारा दिवा असतो. त्या दिव्याखालच्या जागेचा पृष्ठभाग ३१ ते ३४ अंश सेल्सिअस, त्या बाजूची हवा २९ ते ३१, आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाची हवा २४ ते २६ अंश असावी. रात्री सगळीकडे थोडी उतरण झाली तरी चालते, उलट ती नैसर्गिकच आहे; मात्र निरोगी प्रौढ सापासाठीही मी २२ च्या खाली जाऊ देत नाही. वरच्या बाजूला, सापाला जिथून निसटता येणार नाही असे ३५ अंशांपलीकडचे तापमान मी धोक्याचे मानते. लीड्समधल्या आमच्या जुन्या विटांच्या घरात हिवाळ्यात खोली १८ अंशांच्या वर क्वचितच जाते, त्यामुळे पेटीला बाहेरच्या हवेपेक्षा दहा-बारा अंश वर उचलावे लागते. पुण्यात हेच काम वर्षातले कित्येक महिने हवामानच करून टाकेल.

या आकड्यांइतकीच महत्त्वाची एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, ती म्हणजे लपण्याच्या जागा. रॉयल पायथन हा भित्रा प्राणी आहे. घाबरला की डोके मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, त्यावरूनच त्याला बॉल पायथन हे नाव पडले. अशा सापाला उबेच्या बाजूला नुसती मोकळी फरशी आणि थंड बाजूला छान अंधारी ढोली दिली, तर तो ऊब सोडून ढोलीच निवडतो आणि दिवसचे दिवस थंडीत पडून राहतो. पाळणारा मात्र थर्मामीटरकडे पाहून निश्चिंत असतो. म्हणून सारख्याच अंधाऱ्या, सारख्याच घट्ट, आत शिरल्यावर सापाच्या अंगाला सर्व बाजूंनी टेकतील अशा निदान दोन ढोल्या लागतात, एक उबेच्या टोकाला आणि एक थंड टोकाला. दोन्ही ठिकाणी सुरक्षितता सारखी असेल तेव्हाच साप तापमानाच्या हिशोबाने जागा निवडतो. मध्यभागी तिसरा आडोसा, कृत्रिम वेली किंवा झाडाची साल असली तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्याची त्याची भीती आणखी कमी होते. जेवत नाही म्हणून तक्रार असलेल्या सापाची पेटी पाहायला मला कोणी बोलावले, तर दिव्याच्याही आधी मी ढोल्या पाहते.

एकाच पेटीत वेगवेगळी तापमाने देण्याची ही कल्पना नवी नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील १९२७ मध्ये खुले झालेले सर्पालय जोन प्रॉक्टर या तेथील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभिरक्षिकेने आखले होते आणि त्यात विजेच्या साहाय्याने वेगवेगळ्या प्रमाणात उष्णता पुरवण्याची योजना होती. प्रॉक्टर १९३१ मध्ये, जेमतेम चौतीस वर्षांच्या असताना वारल्या. घरगुती पेट्यांच्या बाजारात मात्र, सगळी पेटी एकसारखी तापवण्याचा हट्ट अजूनही दिसतो.

पेटीचा आकार आणि तिचे साहित्य हा विषय थोडक्यात आटोपता येईल. तापमानाचा उतार तयार व्हायला लांबी लागते. साठ सेंटिमीटरच्या पेटीत दिवा लावला तर थंड टोक उरतच नाही. प्रौढ रॉयल पायथनसाठी १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच हे माप मी किमान समजते. जाळीचे झाकण असलेली काचेची टाकी गरम देशात ठीक असेल, पण इंग्लंडमधल्या खोलीत तिच्यातली ऊब आणि ओल दोन्ही झाकणातून निघून जातात. इथे लाकडी व्हिव्हेरियमचा, म्हणजे पुढून सरकत्या काचा असलेल्या फळ्यांच्या पेटीचा, जो प्रघात पडला आहे तो उगीच नाही. लाकूड ऊब धरून ठेवते आणि वरच्या-खालच्या झरोक्यांतून हवा खेळती राहते.

उष्णता कोणत्या साधनाने द्यावी यावर पाळणाऱ्यांमध्ये हिरीरीने वाद होतात, आणि त्यांत थोडे भौतिकशास्त्र आहे. उष्णता वाहून नेणाऱ्या अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, किरणांचे तरंगलांबीनुसार ए, बी आणि सी असे तीन गट करतात. सूर्याकडून जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अवरक्त किरणांत ए गटाचे प्रमाण सर्वाधिक असते आणि हे किरण त्वचेच्या काहीसे आतपर्यंत शिरतात. सी गटाचे किरण मात्र त्वचेच्या अगदी वरच्या थरातच शोषले जातात. हॅलोजन दिव्याची तार अडीच हजार अंशांहून अधिक तापत असल्यामुळे त्याच्या प्रकाशाबरोबर ए गटाचे भरपूर किरण मिळतात; सिरॅमिक हीटर, म्हणजे प्रकाश न देता तापणारा चिनी मातीचा गोळा, त्या मानाने फारच कमी, काहीशे अंशच तापतो, म्हणून त्याच्याकडून मुख्यतः सी गटाचेच किरण मिळतात. डीप हीट प्रोजेक्टर म्हणून विकले जाणारे, प्रकाश न देणारे साधन या दोहोंच्या मध्ये बसते. अजगराचे शरीर जाड असते. केवळ सी गटाच्या किरणांनी जवळून शेकले, तर पाठीची त्वचा भलतीच तापते आणि आतले शरीर मात्र त्या मानाने थंड राहते. म्हणून दिवसा हॅलोजनचा दिवा आणि रात्री खोली फार गार पडत असेल तरच सिरॅमिक किंवा प्रोजेक्टर, अशी विभागणी मला सर्वांत पटते. रात्री लावायचा म्हणून विकला जाणारा लाल दिवा मी वापरत नाही. सापाला तो दिसत नाही हे विधान फार ठामपणे केले जाते, आणि पूर्ण अंधार देणे सहज शक्य असताना त्यावर विसंबण्याचे कारण मला दिसत नाही.

दिव्याच्या बरोबर खाली मी पाटीच्या दगडाची जाड लादी ठेवली आहे. वेल्सच्या खाणींमुळे इथे ती सहज मिळते. पुण्यात असते तर कडप्प्याची फरशी वापरली असती. दिवसभर तापलेला दगड दिवा मालवल्यानंतरही बराच वेळ ऊब देत राहतो आणि साप नेमका त्याच वेळी, संध्याकाळी, ढोलीतून बाहेर येतो. दिव्याला बारा तासांचे टायमर आहे. पंचाहत्तर वॅटचा दिवा पूर्ण शक्तीने बारा तास चालला तरी ०.९ युनिट वीज लागते, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून वीज कमी-जास्त करणारे यंत्र, असल्यावर प्रत्यक्षात त्याहून कमीच लागते, हे खर्चाची धास्ती घेतलेल्यांसाठी नमूद करते.

हीट मॅटविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण नवशिक्याच्या हाती दुकानदार बहुधा तीच देतो. ही पातळ, विजेवर तापणारी चटई पेटीखाली किंवा पेटीत तळाशी ठेवायची असते. ती स्पर्शाने ऊब देते, हवा जवळपास तापवत नाही. अरुंद प्लॅस्टिकच्या डब्यांत, पातळ कागदाच्या अंथरुणावर साप ठेवणाऱ्यांसाठी ती सोयीची ठरली आणि तिथूनच तिची प्रसिद्धी पसरली. लाकडी पेटीखाली ती लावली तर फळी उष्णता अडवते. आत लावून वर आठ-दहा सेंटिमीटर मातीचा थर दिला तर तापलेल्या तव्यावर गोधडी पसरून वर हात शेकत बसल्यासारखे होते. वर काही लागत नाही, खाली मात्र उष्णता कोंडत जाते. मग एखाद्या रात्री साप माती उकरून खाली शिरतो आणि थेट त्या चटईवर अंग टाकतो. विजेवर तापणारे बनावटी दगडही मिळतात. त्यांच्या पृष्ठभागावर एखादा ठिपका बाकीच्या भागापेक्षा फार जास्त तापू शकतो, आणि ते घेऊ नयेत असे सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर कायम सांगत असतात.

साप भाजेपर्यंत तिथे पडून कसा राहतो, असा प्रश्न इथे येतोच. रॉयल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खळग्यांची रांग असते आणि अंधारात उंदराच्या अंगाची ऊब तो तिच्या आधारे टिपतो; या इंद्रियाच्या मुळाशी असलेले प्रथिन २०१० मध्ये ओळखले गेले. इतकी तीक्ष्ण जाणीव असलेला प्राणी पोटाखालच्या चटक्याला मात्र वेळेवर दाद देत नाही, हे विचित्र वाटते. पाळणाऱ्यांत याचे जे स्पष्टीकरण दिले जाते ते मला सयुक्तिक वाटते: निसर्गात भाजणारी उष्णता वरून येते आणि तिच्यापासून सुटण्यासाठी खाली, जमिनीत जायचे असते, खालूनच भाजणारी जमीन या प्राण्याच्या अनुभवात नाही. कारण काहीही असो, परिणाम पशुवैद्यांना नेहमी पाहायला मिळतो. पोटावरचे खवले आधी गुलाबी किंवा तपकिरी होतात, मग फोड येतात, जखमेत जंतू शिरतात आणि पुढच्या कित्येक काती पडेपर्यंत व्रण राहतो. पोटाच्या खवल्यांचा रंग बदललेला दिसला तर घरगुती मलम लावत न बसता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरकडे जावे.

भाजण्याचा धोका वरच्या दिव्यालाही आहेच. रॉयल पायथन जमिनीवरचा साप म्हणून ओळखला जात असला तरी तो चांगला चढतो, आणि छताला लावलेल्या गरम दिव्याला विळखा घालायला त्याला काही वाटत नाही. पेटीच्या आत असलेल्या प्रत्येक दिव्याभोवती आणि हीटरभोवती तारेचा पिंजरा असलाच पाहिजे, आणि त्याची जाळी सापाचे डोके आत जाणार नाही इतकी बारीक हवी. सिरॅमिक हीटरसाठी होल्डरही चिनी मातीचाच घ्यावा. प्लॅस्टिकचा होल्डर त्या उष्णतेत टिकत नाही.

माझ्या मते पेटीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू दिवा नसून थर्मोस्टॅट आहे, आणि पैसे कमी असतील तर काटकसर दिव्यात, सजावटीत, झाडांत करावी, थर्मोस्टॅटमध्ये करू नये. त्याचे तीन प्रकार मिळतात. सर्वांत स्वस्त प्रकार नुसता चालू-बंद करतो. दिव्याला तो जोडला तर दिवा दिवसभर पेटत-विझत राहतो, साप बिचकतो आणि तारही लवकर तुटते. दुसरा प्रकार विजेचे छोटे छोटे ठोके देतो आणि तो प्रकाश न देणाऱ्या साधनांसाठी, म्हणजे सिरॅमिक हीटर आणि मॅटसाठी, योग्य आहे. तिसरा प्रकार दिव्याची तीव्रता हळूहळू कमी-जास्त करतो. हॅलोजनसाठी हाच घ्यावा.

थर्मोस्टॅट शहाणा नसतो. त्याच्या तारेच्या टोकाला असलेला प्रोब जिथे असेल तिथले तापमान तेवढे त्याला कळते. प्रोब ढोलीमागच्या सावलीत राहिला तर दिव्याखालचा दगड चाळीस अंशांवर गेला तरी थर्मोस्टॅटला पत्ता लागत नाही. सापाने तार ओढून प्रोब पाण्याच्या भांड्यात पाडला तर त्याला पेटी थंडगार वाटते आणि तो दिवा पूर्ण शक्तीने लावतो. म्हणून प्रोब दिव्याच्या झोतात, साप विसावतो त्या उंचीच्या जवळ, भिंतीला क्लिपने आणि स्क्रूने पक्का केलेला असावा. चिकटपट्टीने तो कधीही लावू नये. पट्टी सुटली आणि सापाला चिकटली तर ती काढताना खवल्यांसह त्वचा निघते, आणि अशा सापाचे हाल पाहवत नाहीत.

थर्मोस्टॅट बिघडू शकतो हे गृहीत धरूनच दिवा निवडावा, असा माझा आग्रह आहे. हिवाळ्यातल्या थंड दिवशी जेमतेम पुरेल एवढ्याच वॅटचा दिवा घेतला, तर थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तरी पेटी थोडी जास्त तापेल. गरजेच्या दुप्पट वॅटचा दिवा लावून थर्मोस्टॅटवर भरवसा ठेवला असेल, तर तोच बिघाड सापाच्या जिवावर बेतेल. दुकानात मात्र बहुधा मोठाच दिवा सुचवला जातो.

मोजमाप थर्मोस्टॅटच्या पडद्यावरून करू नये, त्यासाठी वेगळी साधने असावीत. हवेसाठी प्रोब असलेले दोन डिजिटल थर्मामीटर, एक प्रत्येक टोकाला, आणि पृष्ठभागासाठी अवरक्त किरणांवर चालणारा, बंदुकीच्या आकाराचा थर्मामीटर. हा दुसरा थर्मामीटर बंद काचेतून वापरू नये, कारण काच लांब तरंगलांबीचे हे किरण अडवते आणि थर्मामीटर दगडाऐवजी काचेचेच तापमान दाखवतो. चकचकीत धातूवरही तो फसतो. भिंतीला चिकटवायच्या गोल काट्याच्या तबकड्या फार तर शोभेपुरत्या असतात.

उष्णतेचा विचार करताना ओलाव्याचा हिशोब सुटता कामा नये. १८ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १५ ग्रॅम बाष्प मावते, ३० अंशांच्या हवेत सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे खोलीतली ६० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत शिरून ३० अंशांपर्यंत तापली, की तीच हवा ३० टक्क्यांवर येते, एक थेंबही बाष्प कुठे गेलेले नसताना. या सापाला ५५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते, आणि ती कमी पडली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते व डोळ्यांवरची, एरवी कातीबरोबर निघणारी पारदर्शक झापड तशीच राहून जाते. हिवाळ्यात दिवा जास्त चालतो तेव्हाच ही अडचण वाढते. वरवर फवारे मारून काही साधत नाही, पृष्ठभाग ओला होतो आणि तासाभरात सुकतो. माती आणि नारळाचा भुसा यांचा जाड थर द्यावा आणि पेटीच्या कोपऱ्यांत पाणी ओतून तो खालून ओला ठेवावा. वरचा थर कोरडाच राहिला पाहिजे, नाहीतर पोटाला बुरशी लागते.

आकडे बरोबर असले तरी शेवटचा शब्द सापाचाच असतो. जेवणानंतर दोन-तीन दिवस उबेच्या ढोलीत आणि एरवी कधी इकडे, कधी तिकडे, अशी त्याची हालचाल असेल तर पेटी जमली आहे. तो आठवडेच्या आठवडे दिव्याखालून हलत नसेल तर पेटी थंड आहे. कायम थंड टोकाला चिकटून असेल किंवा पाण्याच्या भांड्यात बसून राहत असेल तर ती जास्त तापते आहे, किंवा गोचिडीसारख्या किडींचा त्रास आहे. तोंड उघडून श्वास घेणे, श्वासाचा घरघराट, नाकातोंडाशी बुडबुडे ही आजाराची लक्षणे आहेत आणि तिथे तापमान सुधारणे पुरेसे नाही, डॉक्टरच गाठायला हवा. न जेवण्याचे मात्र लगेच मनाला लावून घेऊ नये; वजन टिकून असेल तर या जातीचे प्रौढ साप थंडीच्या मोसमात महिनोन्‌महिने उपाशी राहतात.

वीज जाणे ही भारतीय माणसाला सवयीची गोष्ट, पण इथे तिची तयारी कोणाकडे नसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळाने ब्रिटनमधील दहा लाखांहून अधिक घरांची वीज घालवली आणि उत्तरेकडच्या काही गावांत ती परत यायला आठवड्याहून अधिक काळ लागला. अशा वेळी पेटी बाहेरून रजयांनी झाकावी, झरोक्यांपैकी एखादा मोकळा ठेवावा, आणि गरम पाण्याची रबरी पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून उबेच्या टोकाला ठेवावी. साप निरोगी असेल तर एखाद्-दुसरा दिवस गारठ्यात काढतो, पण त्या काळात त्याला खाऊ घालू नये, कारण न पचलेला उंदीर त्याला थंडीहून अधिक बाधतो.

उन्हाळ्यात याच्या उलट संकट येते. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कोनिंग्स्बी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली, आणि गारठ्याशी झुंजण्यासाठी बांधलेली इथली घरे त्या दिवसांत तापून निघाली. थर्मोस्टॅट दिवा बंद करू शकतो, पेटी गार करू शकत नाही. अशा दिवसांत दिवा पूर्ण बंद ठेवून पडदे ओढावेत, पाणी मोठ्या भांड्यात द्यावे आणि गरज पडली तर सापाला कापडी पिशवीत घालून, झाकणाला भोके असलेल्या डब्यातून घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवावे. महाराष्ट्रात साप सोडवणाऱ्या सर्पमित्रांनीही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण पकडलेला साप बरणीत घालून ती बरणी मे महिन्यात गाडीवर उन्हात राहू दिली, तर वनखात्याचे सोपस्कार होण्याआधीच साप दगावतो.

वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात इथे घड्याळे तासभर मागेपुढे करतात त्या सुमारास, मी सगळी उपकरणे तपासून घेते. थर्मामीटरचा प्रोब वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यात बुडवला की त्याने शून्याच्या आसपास दाखवले पाहिजे. एक-दीड अंशाहून जास्त फरक पडला तर तो बदलावा. थर्मोस्टॅटचा प्रोब याच रीतीने, पण दिवा उतरवून तपासावा, नाहीतर बर्फाचे पाणी लागताच दिवा पूर्ण शक्तीने पेटेल. घरात एक जादा हॅलोजन दिवा कायम असू द्यावा, कारण तो उडतो तो हटकून रविवारी संध्याकाळी, दुकाने बंद झाल्यावर. नवा दिवा त्याच वॅटचा असला तरी कंपनी बदलली की झोताचा पसारा बदलतो, म्हणून तो लावल्यानंतर दोन-तीन तासांनी, काच उघडून, दगडाचे तापमान पुन्हा मोजावे.